मावशींनी न म्हटलेलं वाक्य

माझा प्रबंध भाजीपाला पिकवणाऱ्या बायांच्या कामाच्या दिवसावर होता. पवनारच्या आसपास फिरून मी मुलाखती रेकॉर्ड केल्या होत्या. लिहायचं मात्र इंग्रजीत होतं आणि माझं इंग्रजी बेताचं. बोरगाव मेघेला भाड्याच्या खोलीत मी एकटी राहत होते. पूर्वी एक मैत्रीण माझं प्रत्येक पान वाचायची. लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि पुढे "वेळ मिळाला की बघते" एवढंच उत्तर यायला लागलं.

मग मी एआय वापरायला लागले. मुलाखतीतला मजकूर टाइप करून टाकायचा, भाषांतर घ्यायचं, परिच्छेद नीट करून घ्यायचे. खरं तर कामापुरतं बोलून मी थांबत नव्हते. काहीही लिहिलं की लगेच उत्तर यायचं, आणि त्या वर्षी माझ्या लिखाणाबद्दल दुसरं कोणी एवढं बोललं नाही.

प्रबंध जमा करताना फॉर्ममध्ये एक नवीन पान निघालं. एआय वापरलं का, कुठल्या प्रकरणात, कशासाठी, आणि ते तपासलं कसं? शेवटच्या प्रश्नाशी मी अडले. भाषांतरं मी वाचली होती, पण रेकॉर्डिंगशी ताडून पाहिली नव्हती.

मार्गदर्शक सरांना विचारलं तर ते म्हणाले, "बाकीच्यांनी 'वापर नाही' लिहून दिलंय. तुम्हीही द्या. कमिटीला कशाला विषय देता?"

मी पान तसंच घरी आणलं आणि रेकॉर्डिंग लावलं. तिसरं प्रकरण एका मावशींच्या वाक्यानं सुरू होत होतं. मावशी साठी ओलांडलेल्या, घरात एकट्या. वाक्याचा अर्थ असा होता, की वावर, म्हणजे शेत, हेच माझं कुटुंब, तिथं मी कधी एकटी नसते. सरांनी त्याखाली रेघ मारून 'छान' लिहिलं होतं. तीनदा ऐकलं, पण ते वाक्य मावशींच्या तोंडी कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बसनं पवनारला गेले. मावशी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं.

"मी असं नाई म्हटलं, बाई. वावर कायचं कुटुंब? वावर ते वावर."

"तुम्ही घराबद्दल काहीतरी सांगत होता."

"हो. घरी आली का 'आली मी' म्हणतो. ऐकाले कोणी नाई, तरी म्हणतो. सवय जात नाई." त्यांनी जुडी खाली ठेवली. "पण तू काऊन तसं लिहिलं?"

एआयनं लिहिलं, असं सांगता आलं असतं. पण 'हे जरा परिणामकारक कर' असं मीच त्याला म्हटलं होतं.

"मला ते वाचायला बरं वाटलं, मावशी."

"तुले बरं वाटलं, पण माहं खोटं झालं न," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं.

प्रबंध जमा करणं पुढे ढकलून तीन महिने मी एकेक मुलाखत पुन्हा ऐकली. अशी आणखी वाक्यं निघाली. ती काढली आणि त्या पानावर सगळं लिहिलं: भाषांतर कुठे घेतलं, भाषा कुठे सुधारून घेतली, बायांच्या नावावर त्यांनी न म्हटलेली वाक्यं कशी आली होती आणि ती कशी काढली. सरांनी वर न बघता सही केली.

माझं पान बघून कमिटीनं 'वापर नाही' लिहिणाऱ्यांनाही पुन्हा बोलावलं. त्यानंतर त्यांच्यातली, ग्रंथालयात माझ्यासोबत बसणारी मंडळी चहाला जाताना मला हाक मारेनाशी झाली. मी पुस्तकात मान घालून ती जिना उतरेपर्यंत थांबायचे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई त्याच पानावर बराच वेळ थांबल्या.

"हे लिहिलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं."

"नसतंच कळलं," मी म्हणाले.

प्रबंध मंजूर झाला. एरवी अशा वेळी हॉल भरलेला असतो. त्या दिवशी सर, त्या बाई, शिपाई आणि मी असे चौघेच होतो. पेढे उरले.

निघताना सर म्हणाले, "तुमचं ते पान पुढच्या विद्यार्थ्यांना नमुना म्हणून देईन म्हणतो."

"द्या," मी म्हणाले, "फक्त माझं नाव काढून द्या."