आकाशातले शिक्के

तात्यांना कुठलीही गोष्ट एकदाच सांगता येत नसे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी शिरूरच्या स्टँडवर बत्तीस वर्षं कर्ण्यावरून गाड्या पुकारल्या, आणि तो कर्णा त्यांच्या गळ्यात कायमचा राहिला. जेवताना 'मीठ वाढा' हेसुद्धा ते दोनदा म्हणत, दुसऱ्यांदा जरा सावकाश, जणू मागे उभ्या असलेल्या प्रवाशांसाठी. त्यांचे थोरले भाऊ गेले तेव्हा दौंडला भीमेच्या काठावर सगळं तात्यांनीच पुकारलं. आधी कोण बोलणार, नंतर कोण, आणि शिरूरकडे जाणाऱ्यांसाठी जीप कुठे उभी आहे. रडणारी माणसंही दुसऱ्यांदा ऐकायला थांबली.

हे थोरले भाऊ म्हणजे माझे मास्तरमामा, दौंडच्या एका शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. तात्या माझे धाकटे मामा. मास्तरमामा आठवडाभर पोरांकडून सुरई आणि केळी काढून घेत आणि सुट्टी मिळाली की स्वतः माळ काढत. दुसरं काहीच काढत नसत. उघडा माळ, चार बाभळी, नदीचं कोरडं पात्र, लांबवर मातकट ठिपक्यांसारखी मेंढरं. माणूस एकाही चित्रात नाही. चित्राखाली ते सहीही करत नसत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "सही कशाला? माळ काय माझा आहे?" तात्यांचं या सगळ्यावरचं मत एका वाक्यात मावे, आणि तेही दोनदा ऐकावं लागे: "भाऊ कागद खराब करतोय."

निवृत्त झालेल्या माणसाला एक तर देव सापडतो, नाहीतर गेलेला नातेवाईक. तात्यांना दुसरा सापडला. सोडायला गाड्या उरल्या नाहीत तेव्हा त्यांनी दौंडला जाऊन मामींकडची पत्र्याची पेटी उघडली आणि जाहीर केलं की भाऊची चित्रं जतन करून त्यांचं पुस्तक काढायचं. जतन कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. मे महिन्याच्या उन्हात त्यांनी गच्चीवर चादरी अंथरल्या आणि सगळी चित्रं ओळीनं वाळत घातली, वर एकेक खडा ठेवून. मामी वर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, पापड हायेत का ते?" तात्या म्हणाले, "वहिनी, ऊन दिल्याशिवाय कसर जात न्हाई. गहू वाळवत न्हाई का आपण?" चित्रं जलरंगातली होती. तात्यांनी सलग तीन उन्हाळे हे वाळवण घातलं. तेवढ्यात मास्तरमामांच्या सगळ्या पहाटांची दुपार झाली.

मी तेव्हा पुण्यात एका कॉलेजात शिकवत होतो. चित्रकलेवरची चार पुस्तकं वाचलेली असल्यामुळे माझ्याकडे मतं मुबलक होती. मीच तात्यांना पुण्यातल्या एका गृहस्थांकडे घेऊन गेलो. ते चित्रांची प्रदर्शनं भरवत आणि प्रत्येक वाक्याच्या आधी डोळे मिटत. त्यांनी चित्रं दोन बोटांच्या चिमटीत धरून उलटीसुलटी केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हात बरा आहे. पण सही नाही, तारीख नाही, ठिकाण नाही. ही कुणाची, कुठली, याचा पुरावा काय?"

एसटीच्या कागदपत्रांत बत्तीस वर्षं घालवलेल्या माणसासमोर त्यांनी 'पुरावा' हा शब्द उच्चारायला नको होता. जिना उतरताना तात्यांचा चेहरा उजळलेला होता. कला म्हणजे काय हे त्यांना तोवर कळत नव्हतं. आता कळलं होतं.

त्या दिवाळीपासून तात्या रेक्झिनची मोठी पिशवी खांद्याला लावून एसटीच्या पासावर गावोगाव हिंडू लागले. काष्टी, न्हावरे, मांडवगण, भीमा आणि घोड यांच्या मधला सगळा मुलूख. गावात उतरायचं, पारावर बसायचं आणि चित्र दोन्ही हातांनी उंच धरून पुकारायचं, "ह्यो माळ कुणाचा?" मग चर्चा सुरू होई. डावीकडची बाभळ कुणाच्या बांधावरची, ओढा असा वळतो की तसा. एका टेकडीवर दोन गावांनी हक्क सांगितला आणि प्रकरण हातघाईवर आलं. कुरकुंभच्या बाजूला उलटीच तऱ्हा. तिथं कारखान्यांसाठी जमिनी गेल्याच्या आठवणी ताज्या होत्या. सरकारी थाटाचा एक माणूस आपल्या माळाचं चित्र घेऊन आलेला पाहून लोकांनी स्वतःची रानं ओळखायला साफ नकार दिला. "न्हाई बा, असली बाभळ आमच्यात न्हाई," असं ते त्याच बाभळीखाली बसून सांगत.

ठिकाण पटलं की तात्या थेट ग्रामपंचायतीत जात आणि दाखला घेत. दाखल्याचा मजकूर त्यांनी स्वतः तयार केला होता: 'सदर चित्रातील माळ मौजे अमुक येथील असून, समक्ष पाहून खात्री केली आहे.' खाली सरपंचांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक. हे सगळं ते वेगळ्या कागदावर घेत असतील अशी माझी भाबडी समजूत होती. पहिला गठ्ठा त्यांनी मला दाखवला तेव्हा ती दूर झाली. दाखले चित्रांवरच होते. प्रत्येक चित्राच्या वरच्या अंगाला, जांभळ्या शाईत.

निदान मागच्या बाजूला तरी घ्यायचे होते, असं मी कसंबसं म्हणालो.

"मागं कोण बघतंय? आन् पुढं जागा मोकळी हाय की." त्यांनी आकाशावर बोट ठेवलं.

ती जागा मोकळी सोडता यावी म्हणून मास्तरमामांनी उभी हयात घालवली होती, हे त्यांना कसं सांगणार? ज्या टेकडीवरून भांडण झालं तिच्यावर दोन गावांचे दोन सूर्य उगवले होते. एका चित्रात सही न येणाऱ्या कुणा धनगर आबांनी साक्षीला अंगठा दिला होता. तो पावसाळी ढगासारखा उमटला होता आणि, खरं सांगायचं तर, शोभत होता. बाकीच्या आकाशांत जावक क्रमांक उडत होते.

पुण्यातल्या गृहस्थांकडे तो गठ्ठा पुन्हा नेण्याची माझी छाती झाली नाही. पण तोवर कॉम्प्युटर आले होते. माझ्या एका मित्रानं चित्रं स्कॅन केली आणि महिनाभर खपून एकेक शिक्का पुसला. स्वच्छ आकाशांच्या प्रती घेऊन मी शिरूरला गेलो तेव्हा शाबासकीची वाट पाहत होतो. तात्यांनी प्रती ओट्यावर मांडल्या, चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"भाचेराव, ह्यातली माणसं कुठं गेली?"

मी समजावून सांगितलं की मास्तरमामांच्या चित्रांत माणसं नव्हतीच, तीच तर त्यांची खासियत.

"व्हती की. मी गोळा केलीती." मग प्रती बाजूला सारून म्हणाले, "भाऊ जिता व्हता तवा त्याचं चित्र कुणी बघितलं न्हाई. मी तर न्हाईच न्हाई. ह्या एकेका सरपंचानं घटकाभर चित्र बघितलं, चार माणसं बोलावून दाखवलं, तवा सही केली. बघितल्याबिगर कोण सही करतं का?"

ज्याची हयात सह्याशिक्क्यांत गेली त्या माणसानं हा प्रश्न विचारला, याचं मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पुसलेल्या प्रती मी पिशवीत भरल्या. तात्यांनी भावासाठी आयुष्यात एकदाच काही करायला घेतलं होतं आणि ते मी महिनाभर खपून पुसून आणलं होतं.

पुस्तक शिक्क्यांसकट छापायचं ठरलं. शिरूरच्या ज्या छापखान्यानं ते घेतलं तो एरवी लग्नपत्रिका छापत असे. त्यामुळे पहिल्या पानावर सवयीनं गणपती आला, आणि तात्यांनी तो शुभशकुन म्हणून ठेवला. आता एकच अडचण उरली. एका चित्राचं ठिकाण काही केल्या सापडेना आणि दाखल्याशिवाय चित्र छापायचं नाही हा तात्यांचा नियम.

त्या चित्रात उजाड माळ होता, तीन बाभळी, पार मागे नदीकाठच्या झाडीची हिरवट रेघ. खाली आडवा काळसर पट्टा. तो सगळ्यांनी बांध ठरवला होता. बांधावर मधोमध एक काळं गोल झुडूप. आणि चित्राच्या वरपासून खालपर्यंत गेलेल्या दोन उभ्या रेघा. त्या तात्यांच्या मते विजेचे खांब. इतक्या जवळजवळ दोन खांब असलेलं रान शोधत तात्या पावसाळा संपल्यापासून गुढीपाडव्यापर्यंत फिरले. शेवटी एका वायरमननं त्यांना हात जोडून सांगितलं, "तात्या, दोन पोल इतक्या जवळ कुणी रोवत न्हाई वो. चित्रच चुकलं आसंल." तात्या त्याच्याशी पुढे बोलले नाहीत.

एके दिवशी आम्ही पुस्तकाची मुद्रितं मामींना दाखवायला दौंडच्या गाडीनं पाठवायची म्हणून शिरूरच्या स्टँडवर गेलो. नियंत्रकाच्या खोलीत आता तात्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस बसत होता. तो खुर्ची सोडून उठू लागला. तात्यांनी त्याला खाली बसवलं, ड्युटी तुझी आहे म्हणाले, आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसले. मला वाटतं, त्या स्टुलावर ते पहिल्यांदाच बसत होते. त्या खोलीत त्यांची जागा टेबलापलीकडची, खिडकीकडे पाठ करून.

नियंत्रक आमच्या पाकिटाची नोंद करायला रजिस्टरावर वाकला. तात्या काहीतरी सांगत होते ते मध्येच थांबले. मी त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. नियंत्रकाच्या मागे खिडकी होती. खिडकीला दोन उभे गज. खाली काळ्या दगडाची आडवी पट्टी, आणि पट्टीच्या मधोमध, वाकल्यामुळे, नियंत्रकाचं काळं गोल डोकं. बाहेर माळ राहिला नव्हता, दुकानांच्या पाठी आणि पाण्याच्या टाक्या होत्या. पण दोन इमारतींच्या फटीतून नदीकाठची हिरवट रेघ अजून दिसत होती.

तात्यांनी पिशवीतून चित्र काढलं आणि मांडीवर ठेवलं. झुडपावर बोट ठेवून ते म्हणाले, "भाऊ शनवारी शाळा सुटली की यायचा. माझी ड्युटी संपंस्तवर हितं बसायचा. मी वर बघतच नव्हतो."

नियंत्रकाला काही कळलं नाही. त्यानं चहा सांगितला. चहा येऊन निवला.

दाखला कुणाचा घ्यायचा हा प्रश्न त्यांनी मला विचारला नाही. नियंत्रकाचं पेन मागून घेतलं आणि तिथंच टेबलावर लिहिलं, 'समक्ष पाहून खात्री केली आहे.' खाली सही. शिक्का त्यांच्यापाशी नव्हता, तो निवृत्तीच्या दिवशीच जमा करावा लागला होता. सही त्यांनी आकाशात केली नाही, खालच्या कोपऱ्यात, झुडपाच्या शेजारी बारीक अक्षरात केली.

पुस्तक निघालं. प्रकाशनाला आलेल्या पाहुण्यांनी चित्रं न पाहता पाऊण तास उसाच्या पाण्यावर भाषण केलं. दौंडच्या एका वाचनालयात ते पुस्तक शिक्के पाहून सरकारी अहवालांच्या कपाटात लावलं गेलं आणि अजून तिथंच आहे. पुढे दोन वर्षांनी तात्याही गेले.

पुस्तक चाळणाऱ्यांना बाकीची चित्रं कुणाची हे शिक्क्यांच्या गर्दीत नीट उमगत नाही. शेवटच्या चित्राची मात्र कुणाला शंका येत नाही, कारण चित्रकार जिथं सही करतो तिथंच त्याच्यावर सही आहे. दौंडला मामींकडे आलेलं कुणीतरी ते पान उघडतं आणि म्हणतं, तुमचे दीरही चांगली चित्रं काढायचे की. मामी चष्मा न लावताच पान ओळखतात.

"न्हाई वो," त्या म्हणतात, "त्यांनी न्हाई काढलं. ते नुसते बसले व्हते."