एकाच पिशवीतल्या दोन कुप्या

झाडे मॅडमांनी माझे उत्तर खोडले, ती आमची पहिली ओळख. हिंगणघाटच्या कॉलेजात बी.एस्सी.चे प्रात्यक्षिक चालू होते. पुस्तकात रंग निळा होता, म्हणून मी निळा लिहिला. मॅडमांनी माझी परीक्षानळी उजेडात धरली.

"वैशाली, हे निळं दिसून राह्यलं का तुले?"

"नाही. हिरवट आहे."

"मंग हिरवट लिहिजो. पुस्तकाले वाईट नाई वाटत."

पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मी पीएच.डी. केली. मॅडमांच्या साठीनिमित्त लिहायला बसले आणि पहिला मजकूर फाडला. स्तुती फार झाली होती. म्हणून आधीच नोंदवते: दोन धातूंचे अतिसूक्ष्म स्फटिक भोवतालच्या वायूप्रमाणे रूप बदलतात, हा शोध मॅडमांचा नव्हे. ते हिंगणघाटात दिसले तेव्हा त्यांनी ते कोणाला नाकारू दिले नाही, इतकेच.

आमचे कण सोने आणि पॅलेडियमचे. डोळ्यांना नुसती काळी पूड. नायट्रोजनमध्ये तापवले की सोने पृष्ठभागावर येई, पॅलेडियम आत दडे. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मात्र पॅलेडियमला ओढून वर आणी, कणाच्या कडाही बदलून टाकी. हे पाहायचा सूक्ष्मदर्शक नागपूरला होता. पुडीची कुपी घेऊन मी एसटीने जात असे.

प्रबंधापूर्वीच्या बैठकीत एक तज्ज्ञ म्हणाले, "उन्हात, एसटीत नेलेली पूड. वाटेत बिघडली असणार. हे प्रकरण काढा, बाकीचं लगेच मंजूर करू. आपल्याकडे असं काम होत नसतं."

"आपल्याकडे म्हणजे कुठं, सर?" मॅडमांनी विचारले.

माझी नोकरीची मुलाखत तोंडावर होती. पदवी लांबली तर ती जागा जाणार होती. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "प्रबंध तुझा आहे. काढाचं असन तं काढ. पण मंग मार्गदर्शक म्हणून माझं नाव नको." इतके कठोर होणे योग्य होते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. प्रकरण मी काढले नाही.

मॅडमांनी रजा टाकली. एकाच पुडीचे दोन भाग केले, एक नायट्रोजनमध्ये तापवला, दुसरा कार्बन मोनॉक्साइडमध्ये. दोन्ही कुप्या एकाच पिशवीत घालून मॅडम माझ्याबरोबर एसटीत बसल्या. पिशवी मांडीवर.

कंडक्टर म्हणाला, "मॅडम, अंडे आहे का त्यात?"

"अंडे असते तं बरं होतं. अंड्यावर कोणी संशय नाई घेत."

नागपूरच्या चित्रांत पहिल्या कुपीत सोने वर होते, दुसरीत पॅलेडियम. मॅडमांनी ती बैठकीत मांडली. "सर, ऊन एकच, खड्डे एकच. वाटेनं बिघडवलं असतं, तर दोन्ही सारखंच बिघडलं असतं." तज्ज्ञांनी बराच वेळ चित्रे न्याहाळली. प्रकरण राहिले.

नोकरीची ती जागा मात्र गेली. दुसरी मिळेपर्यंत मी प्रयोगशाळेतच काम करत होते, आणि मॅडम दोन डबे आणत. विचारले की म्हणत, "भाकर जास्त झाली." रोज जास्त होत होती.

आता विभागात मुले कमी आहेत. काही जण तो बंद करा म्हणतात. सत्काराचे कळल्यावर मॅडम म्हणाल्या, "शाल नको. प्रयोगशाळेची किल्ली राहू द्या माझ्याजवळ."

मॅडम, विषारी वायूत तापूनही आपले कण संपले नाहीत; आत दडलेला धातू त्यांनी पुढे केला. आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य मिळो, आणि गुडघे एसटीच्या पायऱ्या चढू देवोत. पुन्हा कोणी "आपल्याकडे असं होत नसतं" म्हणालेच, तर खिडकीची जागा आपली. पिशवी मी मांडीवर घेईन.