सरदाराच्या पोटदुखीची नक्कल

एका जुन्या सरदाराच्या पोटदुखीवर विश्रामबागेत एका वैद्यांचं व्याख्यान हुतं. त्याआधी मी त्या सरदाराची नक्कल केली. जेवता जेवता उठलो, पोट धरून वाकलो, कण्हलो. लोकं लय हसली.

वैद्य म्हणाले, "याला ग्रहणी म्हणतात. स्वारीवर अवेळी जेवण, वर कायम काळजी. जठराग्नी मंदावला, अन्न पचेना." मग माझ्याकडं वळले. "तू काय रे, सरदाराच्या पंगतीला होतास? हे वाकणं कुठं शिकलास?"

"आमचे आबा रोज असंच करत्यात."

"कधीपासून?"

आबांचं कण्हणं मला हुबेहूब जमायचं. पर कवापासनं दुखतंय, हे मी कवाच इचारलं न्हवतं.

"उद्या घेऊन ये त्यांना."

"व्हय," म्हणलं. लोकांना ते नकलेतलंच वाटलं. ती हसतच हुती.