इथं पापा दम घेतो

खरखरमामांच्या घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी दोन्ही हात पुढे करावे लागत. मामा तळहात उलटसुलट करून पाहत आणि मग वाकून त्यांचा वास घेत. मासळीचा वास आला की त्यांचं बोट मोरीकडे वळे. तिथे राख आणि लिंबाची फोड कायम ठेवलेली असे. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात वास नसलेले हात मिळणं कठीण, त्यामुळे बहुतेकांची रवानगी मोरीकडे होई. एकदा चर्चचे फादर घराला आशीर्वाद द्यायला आले होते. त्यांना ग्रामोफोनची तबकडी हातात घेऊन पाहायची इच्छा झाली आणि त्यांनाही हात धुवावे लागले. "मासली धुवून जाते," मामा म्हणाले, "पन तिचं तेल गान्यात बसलं तर गाना धुता येत नाय, फादर."

त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव मतदारयादीत होतं, पण गल्लीत कोणी ते वापरत नसे. ग्रामोफोनची सुई तबकडीवर टेकली की गाण्याआधी थोडा वेळ नुसती खरखर येते. तेवढ्यात कोणी बोललं की मामा रागावत. कुणी म्हणे, "मामा, अजून सुरू कुठे झालंय?" त्यावर उत्तर ठरलेलं होतं : "खरखर म्हंजे मानसं येऊन बसतायत. खुर्च्या सरकवतात, खाकरतात. आता गप ऱ्हा." नाव तिथून पडलं.

आयुष्यभर त्यांनी बोटींची इंजिनं दुरुस्त केली. बोट धक्क्याला लागण्याआधी, घरात बसून, आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगत. गाण्याचा नाद लहानपणापासून होता, पण तो इतरांसारखाच : रेडिओ ऐकायचा, लग्नातल्या बँडमागे चालायचं. ऐकणारा माणूस जमवणारा कसा झाला, याचं कारण त्यांचे वडील.

वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, आणि बाकीचे चारही वादक त्यांच्यासाठी खोळंबत. त्यांचा बँड लावायचा तर वऱ्हाडाने वाट पाहायची, हे गावाने मान्यच केलं होतं. हा बँड एकदा मुंबईला जाऊन एका तबकडीसाठी वाजवून आला. एका बाजूला लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणण्याची चाल, दुसऱ्या बाजूला नवरीला सासरी पोचवण्याची. कंपनीने बँडला एकच प्रत दिली. ती बँडमालकाकडे राहिली आणि त्याच्याच घरी फुटली. वडील गेले तेव्हा त्यांच्या वाजवण्याची एकही खूण घरात नव्हती. टेप नव्हती आणि क्लॅरिनेटही बँडमालकाचं होतं.

मामा ती तबकडी शोधायला निघाले. सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या जुन्या बाजारात जात. विक्रेते एकेक तबकडी चाळू देत नसत. न्यायचा तर अख्खा गठ्ठा न्या, म्हणत. मामा गठ्ठा घरी आणत, एकेक पुसून वाजवून पाहत. वडील त्यात नसत. पण बाकीचे असत : कोणी गवई, कोणी बाई, कोणी हसवणारा नकलाकार. धाकटी बहीण फिलू शेजारीच राहायची. गल्ली तिला फिलूमावशी म्हणते. सुक्या मासळीचा धंदा तिचा. ती ओरडायची, "तुला एक पायजे ना? मग बाकीचे परत दे!" मामा म्हणायचे, "एकाला शोधायला गेलो. बाकीचे बी कोनाचे तरी पापाच. त्यांना टाकून कसा येऊ?" असं करत भिंतीभर कपाट झालं.

ती तबकडी अखेर बाजारात सापडलीच नाही. ती सापडली गास गावात, एका शेतकऱ्याच्या घरी, तांदळाच्या मडक्यावर झाकण म्हणून. मडक्याच्या काठावर आपटून तिच्या कडेचा चंद्रकोरीसारखा टवका उडालेला होता. घरधनीण द्यायला तयार नव्हती. "झाकण नेलंत तर उंदीर पडतील, त्याचं काय?" तिचा मुद्दा रास्त होता. मामांनी मडक्याच्या तोंडाचं माप घेतलं, दुसऱ्या दिवशी त्या मापाचं पितळी झाकण घेऊन गेले आणि तबकडी घेऊन आले.

तबकडीच्या मधल्या कागदावर कंपनीचं नाव ठळक होतं. त्याखाली फक्त 'लग्नाचा बँड'. वाजवणाऱ्या पाचांपैकी एकाचंही नाव नव्हतं. मामांनी पाचही नावं वळणदार अक्षरात चिठ्ठीवर लिहून पाकिटाला चिकटवली. तबकडी लावली की ते डोळे मिटून बसत. विहिरीची चाल वर चढते, त्याच्या अगदी आधी श्वास ओढल्याचा आवाज येतो. मामा बोट वर करत. "इथं पापा दम घेतो." एवढंच बोलत. मी ती तबकडी त्यांच्याकडे सहा-सात वेळा ऐकली. बोट एकदाही मागेपुढे झालं नाही.

मी तेव्हा एका दैनिकासाठी वसईच्या बातम्या देत असे. रविवारसाठी मामांवर लेख लिहिला. सवयीप्रमाणे गल्ली, घराची खूण, सगळं अचूक दिलं. मथळा कचेरीत बसला : 'अडगळीतला खजिना'. छापून आल्यावर मी अंक घेऊन गेलो. मामांनी लेख सावकाश वाचला, मग कात्री मागवली. मथळा तेवढा कापला आणि माझ्या हातात ठेवला.

"खजिना काय, अडगल काय. अडगल कोनाची रे? तुझी?"

"मथळा मी देत नाही, मामा. कचेरीत देतात."

"मंग कचेरीत नेऊन दे." उरलेला लेख त्यांनी वडिलांच्या तबकडीच्या पाकिटावर, पाच नावांच्या चिठ्ठीखाली चिकटवला. मध्ये दोन बोटं जागा मोकळी सोडली. "बरा शब्द सुचला की आन."

त्या वर्षी पावसाळ्यात मामा मुलीकडे नायगावला गेले होते. दोन दिवस रस्ते पाण्याखाली होते. इकडे घरात पाणी शिरलं आणि कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले. फिलूमावशीने गल्लीतल्या बायका जमवल्या. त्यांनी प्रत्येक तबकडी फडक्याने पुसली. तिसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर, मासळी सुकवायच्या जागेवर जुनं जाळं अंथरून, त्या ओळीने मांडल्या. दुपारी प्रत्येक तबकडी उलटवली, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या सुकाव्यात. ओलं झालेलं उन्हात घालायचं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. जुनी तबकडी लाखेची असते, उन्हात मऊ पडते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मामा आले तेव्हा जाळ्यावर काळे पापड पडले होते. फिलूमावशी पदर तोंडाला लावून उभी होती. मामांनी एक उचलली, वाकडी कड पाहिली, म्हणाले, "सुकी झकास झाली. मीठ कमी पडलं." मग सगळ्या बायकांना चहा पाजला. वरचे कप्पे कोरडे होते. वडिलांची तबकडी वरच होती.

यानंतर माझा लेख वाचलेला एक माणूस आला. नायगावच्या नव्या टॉवरांच्या तळाशी त्याचं हॉटेल सुरू होणार होतं. कपडे नीटनेटके, बोलणं अदबीचं. वाकड्या तबकड्या प्रदर्शनात मांडतो म्हणाला. मामांनी त्या फुकट दिल्या. अट एकच, प्रत्येकीखाली गाणाऱ्याचं नाव लिहायचं. मग त्याने वडिलांची तबकडी ऐकली, मान डोलावली. तिची प्रत करून देतो, म्हणजे आवाज कायमचा राहील, आठ दिवसांत परत आणतो, असं सांगितलं. मामा कचरले. "पेपर वाचूनच आलोय, काका," तो म्हणाला. पेपरावर विश्वास ठेवून मामांनी तबकडी दिली. पाकीट मात्र दिलं नाही. पाकिटावर नावं होती.

आठ दिवसांचे तीन महिने झाले. फोन आधी उचलला जाई, मग कापला जाऊ लागला. अखेर मी आणि मामा त्या हॉटेलात गेलो. एका भिंतीवर तबकड्यांची घड्याळं टांगली होती. वाकड्या तबकड्यांच्या कडा तापवून त्यांना झालर दिली होती. नाव एकाखालीही नव्हतं. मधोमध एक सरळ, चकचकीत घड्याळ होतं. त्याच्या कडेला चंद्रकोरीसारखा टवका होता.

मधला कागद सोनेरी रंगाखाली गेला होता. चमक यावी म्हणून वर वॉर्निश मारलं होतं, आणि बारा आकडे डिंकाने गाण्याच्या रेघांवर बसवले होते. प्रत केली का, असं मी विचारलं. "ते राहूनच गेलं, सर," मालक म्हणाला. राहून गेलं. वॉर्निश राहून गेलं नव्हतं. आकडे राहून गेले नव्हते. एका माणसाचा जगात उरलेला एकमेव श्वास होता, तेवढा ऐकून ठेवायचं राहून गेलं. आणि हे सांगताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता. फोटो काढायला लोक याच भिंतीपुढे थांबतात, हेही त्याने सांगितलं.

"परवानगी कोणी दिली?" मी विचारलं.

"सर, आम्ही उलट मान दिला. पडून होतं ना ते." त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर माझा लेख होता, मथळ्यासकट. "तुम्हीच लिहिलंय. अडगळीतला खजिना."

मामा घड्याळाकडे पाहत होते. "टाइम बरोबर दाखवतं?"

"एकदम परफेक्ट, काका."

"पापाला जल्मात जमलं नाय," मामा म्हणाले. "सेल काढ."

मालक गडबडला. गिऱ्हाइकं पाहत होती. "घेऊन जा ना, काका, आम्ही दुसरं बनवू," म्हणत त्याने घड्याळ उतरवायला हात वर केले.

"थांब," मामा म्हणाले. "हात दाखव."

त्याला कळलं नाही. मामांनी खुर्ची ओढली, त्या वयात वर चढले, आणि तबकडी स्वतः उतरवली : दोन तळहातांमध्ये, फक्त कडेला धरून. रिक्षात पाचूबंदरापर्यंत ती तशीच धरली होती. वॉर्निश उतरवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. स्पिरिट लावलं तर लाखही विरघळते, हे त्यांना माहीत होतं.

मी कचेरीत दुरुस्ती छापण्याची मागणी केली. नाव चुकलं तर आपण दुरुस्ती छापतो, आडनावातली वेलांटी चुकली तरी छापतो. उत्तर मिळालं की मथळ्यात तपशिलाची चूक नाही. चूक होती. अडगळ म्हणजे ज्याला कोणी वाली नाही ते. त्या घरात आल्यागेल्याचे हात हुंगले जात होते. तपशिलाची याहून मोठी चूक मी माझ्या नोकरीत पाहिलेली नाही, आणि ती आजतागायत दुरुस्त झालेली नाही. हॉटेल चालू आहे. मधल्या खिळ्यावर दुसरं घड्याळ आहे.

मामा दीड वर्षाने गेले. शेवटी शेवटी ते ग्रामोफोनवर काहीच लावत नसत. फिलूमावशी सांगते, सकाळी खुर्चीत बसून मध्येच बोट वर करत. बरोबर तिथेच करत असावेत.

मामांसाठी चर्चमध्ये महिन्याचा मिसा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर मी घरी गेलो. मोकळ्या जागेसाठी चिठ्ठी लिहून नेली होती. मला बरा शब्द सुचला नव्हताच, म्हणून त्यांचेच चार लिहिले : इथं पापा दम घेतो. फिलूमावशीने पाकीट काढलं, चिठ्ठी वाचली, डिंकाची बाटली आणली. मी पाकिटाला हात लावणार तोच ती म्हणाली, "हात दाखव."

मी दाखवले. स्वच्छ होते. तिने वास घेतला, थोडा विचार केला, आणि तरीही मोरीकडे बोट दाखवलं.