पांढरी केलेली मेंढरं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी जेवायच्या आधीच सांगून टाकते. आज का सांगतेय? माहीत नाही. मन मोकळं होईल वगैरे काही वाटत नाही. काहीच वाटत नाही, खरं तर.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. बारामतीहून एसटीनं मी निरवांगीकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला जायचे. चित्रकलेच्या बाईला काम काय? फळ्यावर सुविचार लिहायचा, गॅदरिंगची कमान रंगवायची, आणि तालुक्याच्या प्रदर्शनाला मुलांच्या वस्तू पाठवायच्या. त्या पाठवायच्या आधी त्यावर आपला 'हात फिरवायचा'. असंच म्हणायचो आम्ही. नियमात बसत नव्हतं, पण सगळेच करायचे. त्याला खोटं कोण म्हणणार?

सहावीत साळू होती. धनगराची. दिवाळी झाली की तिच्या घरचे मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायचे आणि साळूची शाळा तिथंच थांबायची. 'टाकाऊतून टिकाऊ' असा विषय दिला, तेव्हा तिनं चिखलाची मेंढरं केली आणि कातरणीत उरलेली लोकर त्यांना चिकटवली. काळी लोकर, एखाद्याला तपकिरी. एक लंगडं होतं. एकाचा कान फाटका.

"हे असं का गं?" मी विचारलं.

"ती तशीच हायती की, बाई."

घरचीच मेंढरं होती ती, एकेक ओळखून केलेली. तिचे वडील धुळाबा शाळेत आले तेव्हा मेंढरं मांडलेल्या टेबलापाशी बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "नंबर आला तर औंदा हिला न्हेत न्हाय, बाई. बहिणीकडं ठिवतो. शिकू दे." साळू दाराशी मान खाली घालून उभी होती. पण हसली, ते मला दिसलं.

मग मी काय केलं — लांबण लावतेय, कळतंय मला.

मेंढरं काळपट दिसत होती. टेबलावर उठून दिसेनात. पुस्तकातल्या चित्रात मेंढरू कसं पांढरंशुभ्र असतं! साळू घरी गेल्यावर मी मेडिकलमधून आणलेला कापूस सगळ्यांना लावला. लंगड्याचा पाय काढून सरळ बसवला. फाटका कान लिंपून टाकला. तिचा नंबर यावा म्हणूनच केलं, यात खोटं नाही. सकाळी तिनं ते पाहिलं, आणि लंगड्याच्या सरळ केलेल्या पायावरून बोट फिरवलं.

इंदापूरला प्रदर्शनात परीक्षक आले. वयस्कर गृहस्थ होते. वाकून साळूला म्हणाले, "काय गं, आपल्याकडची मेंढरं काळी ना? ही पांढरी कशी?"

"माझी काळीच हुती. बाईंनी कापूस लावला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमचा हात लागलाय का, बाई?"

मागं धुळाबा उभे होते. दुसऱ्या शाळांचे शिक्षक होते — हात फिरवणारेच सगळे. मी हो म्हणाले असते तर काय झालं असतं? वस्तू बाद. हेडमास्तरांची बोलणी. चार दिवस चर्चा. बस, एवढंच.

"नाही, सर," मी म्हणाले. "तिनंच केलंय सगळं. घाबरली की काहीही बोलते."

जीभ जराही अडखळली नाही. साळू माझ्याकडं बघत राहिली. रडली नाही. बाई खोटं बोलतात असं सहावीतली पोर म्हणणार तरी कशी?

दुसरा नंबर आला. पण दिवाळीनंतर तिची जागा रिकामी झाली, ती पुढं कधी भरली नाही. प्रमाणपत्र हेडमास्तरांच्या खोलीत लावलं होतं. मी रोज त्याखाली उभी राहून सही करायचे. सुरुवातीला लाज वाटायची. मग तीही वाटेनाशी झाली.

ती का गेली, ते मला माहीत होतं. त्याच संध्याकाळी इंदापूरच्या स्टँडवर धुळाबा मला म्हणाले होते, "नंबराचं ऱ्हाऊ द्या, बाई. भर माणसांत तुमच्यावर आळ घेतला हिनं. तुमी कशाला खोटं बोलशीला? अशी पोर मागं ठिवून काय करू? माझ्या डोळ्याम्होरंच बरी." तेव्हाही एकच वाक्य बोलायचं होतं. गाडी यायला वेळ होता.

मग त्यांनी साळूला पुढं केलं. "पाया पड बाईंच्या. चुकलं म्हन."

ती वाकली. "चुकलं, बाई."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "असू दे. पुन्हा खोटं बोलू नकोस."

"बरं, बाई," ती म्हणाली.