कूलरखालचं लाकूड

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मागच्या खोलीची खिडकी आठवते. गळत्या पाण्यानं चौकटीचं खालचं लाकूड सडलं होतं. सुतारानं पेचकस खुपसला तो मुठीपर्यंत आत गेला. "हे पुरं गेलं जी, कूलर काढून बदलाव लागते." दुसऱ्या दिवशी बाबा खुब्याचं ऑपरेशन होऊन धंतोलीच्या दवाखान्यातून घरी येणार होते, आणि बाहेर मे महिना. "उन्हाळा जाऊ द्या," म्हणत मी पोकळीत लांबी भरून वरून ऑइलपेंट मारला. आठवड्यानं पलंगावरून उठताना बाबांनी आधाराला तेच लाकूड धरलं, आणि ते तुकडा हातात घेऊनच पडले. पुन्हा दवाखान्यात नेताना मलाच समजावत होते, "आतून सडलं होतं गा, तुले काय मालूम?" त्यानंतर ते उठलेच नाहीत. आता तिथे ॲल्युमिनियमची चौकट आहे. मला माहीत होतं, हे मात्र मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.