असईची अर्धी राहिलेली लढाई

कॉलेजपासून माझा एक दोस्त आणि मी टेबलावरच्या लढायांच्या नादी लागलो होतो. बोटाच्या पेराएवढे शिपाई रंगवायचे आणि फासे टाकून त्यांच्या फौजा हलवायच्या, असा तो खेळ. असई आमच्याच भोकरदन तालुक्यातलं. तिथली मराठे-इंग्रजांची लढाई उभी करायची, असं आमचं ठरलं. मोटारसायकलवर जाऊन केळणा नदीचं पात्र पाहिलं, तोफा कुठं असतील यावर बांधावर उभं राहून भांडलो. मराठे मी रंगवायचे, इंग्रज त्यानं. नदी आणि काळं रान मी पिंपळगावच्या घरी एका मोठ्या फळीवर तयार केलं.

मग एकदा त्याचा जालन्याहून फोन आला. "बारीक दिसत न्हाई रे आता. ब्रश धरला की डोळ्यातून पाणी येतं."

मला फार वाईट वाटलं. "तुझे शिपाई मी रंगवतो," म्हणालो.

माझे घोडेस्वार बिनचेहऱ्याचे तसेच ठेवले आणि माझ्या औषधाच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याचे लाल डगल्यांचे इंग्रज रंगवत बसलो. झालेले शिपाई तो घेऊन जायचा. "त्यांच्या पायाखालचे पुठ्ठे चिकटवतो, तेवढं जमतं मला," म्हणायचा.

यंदा एका रविवारी जालन्याला गेल्तो, तसाच त्याच्या घरी डोकावलो. तो नव्हता.

"संभाजीनगरला गेलेत खेळायला. दर रविवारी जातात की," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला माहीत न्हाई?"

त्यांनी कौतुकानं मोबाइलवरचा फोटो दाखवला. "सगळे यांनीच रंगवलेत."

टेबलावर माझे लाल डगले उभे होते. एक ढोलवाला माझ्या हातून पडला होता, त्याचा वाकडा चिकटवलेला पाय मी लगेच ओळखला. समोर निळ्या कोटांची दुसरी फौज होती. ती मात्र त्याच्या हातची. एकेक गुंडी चमकत होती.

बाहेर येऊन त्याला फोन लावला. "डोळे बरे झाले का?"

"अरे, आपलं असई काय पुरं होत नव्हतं. मला खेळायचं होतं."

"मंग तसं सांगायचं ना!"

"तू नाराज झाला असता." आणि लगेच, काही झालंच नाही अशा आवाजात, "तुझे मराठे बी दे ना. इथं इंग्रजांसमोर दुसरी फौज पाहिजेच आहे."

खरं तर मी शिव्या द्यायला पाहिजे होत्या. "घेऊन जा," म्हणालो. पुढच्या आठवड्यात तो आला. बायकोनं केलेला चहा प्याला, मराठ्यांचा खोका गाडीत ठेवला. फळीकडं पाहून म्हणाला, "ही बी लागंल."

"ती न्हाई."

तो गेल्यावर मी खुरपं घेऊन नदी खरवडायला बसलो. बायको दारात उभी राहून पाहत होती. "इतक्या वर्षांचं काम," एवढंच ती म्हणाली. रंग घट्ट बसला होता, निघायला वेळ लागला.